सोलापूरहून मगर बघायला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पक्षी बघायला सोलापूरकराला फार लांब जावं लागत नाही. नान्नजचं माळरान आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. मगरीसाठी मात्र सवड काढून, दिवस ठरवून निघावं लागतं. निघालेल्यांपैकी बरेच जण काहीच न दिसता परत येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जातात, भर दुपारी पोचतात आणि गाडीतून उतरले की थेट पाण्याशी जातात. तोवर मगर केव्हाच पाण्यात गेलेली असते. ती कुठे आहे हे यांना माहीत नसतं, पण हे कुठे उभे आहेत हे तिला पक्कं माहीत असतं. यात निराशा आहे आणि धोकाही.

म्हणून पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट मनाशी पक्की धरा. मगर चांगली दिसते ती जागा आणि माणूस सुरक्षित असतो ती जागा, या दोन्ही एकच आहेत: मगरीच्या समोरचा, आपल्या बाजूचा उंच काठ. मध्ये नदी, हातात दुर्बीण, पाठीवर ऊन.

आधी कोणती मगर, ते ठरवा

भारतात मगरीच्या कुळातले तीन प्राणी आहेत. आपल्या महाराष्ट्रातल्या नद्यांत आहे ती गोड्या पाण्यातली मगर. रुंद तोंडाची, पूर्ण वाढलेली साधारण तीन ते चार मीटर लांब. डोह, तलाव, धरणाचा फुगवटा, कालवा, कुठेही जुळवून घेते. दुसरं घडियाल, लांब चिमट्यासारख्या जबड्याचं, मुख्यतः मासे खाणारं. ते बघायचं तर चंबळ गाठावी लागते. तिसरी खाऱ्या पाण्यातली मगर, तिघींत सर्वांत मोठी. ती ओडिशातल्या भितरकनिकात, सुंदरबनात आणि अंदमानात आहे.

पहिल्या वेळेला गोड्या पाण्यातलीच बघा. ती चार तासांवर आहे, आणि तिला बघताना जी शिस्त अंगी लागते ती पुढे सगळीकडे कामाला येते.

या प्राण्याची आज जी काही संख्या आहे त्यामागे मोठी खटपट आहे. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने तिन्ही जाती संपत आल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळालं, १९७५ मध्ये केंद्र सरकारने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला, पुढच्या वर्षी रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ मगरींचं प्रजनन केंद्र उभं केलं. तरी जगभरातल्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आपली मगर अजून ‘असुरक्षित’ या वर्गातच आहे.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. या उत्तराला फाटे फोडू नका.

मगरीचं शरीर आतून ऊब तयार करत नाही. थंडीत रात्रभर गार पडलेल्या अंगाला सकाळी ऊन लागतं, म्हणून ती काठावर येऊन पडते आणि तासन्‌तास हलत नाही. रात्र जितकी थंड, तितकं दुसऱ्या दिवशी दर्शन चांगलं. सकाळी साडेनऊ ते बारा ही सोन्यासारखी वेळ. पहाटे सहाला जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही, तेव्हा हवेपेक्षा पाणी उबदार असतं आणि ती पाण्यातच असते. अंग पुरेसं तापलं की ती जबडा उघडा टाकून पडते. बघणाऱ्याला वाटतं आपल्यावर गुरकावतेय, पण तोंडावाटे उष्णता बाहेर जावी म्हणून तो जबडा उघडा असतो.

फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ. मादी पाण्यापासून जरा वर, मऊ वाळूत किंवा मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि खड्डा बुजवते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्लं आतून आवाज देतात. मग ती माती उकरते, पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याने कासवाचं कवच फुटतं त्याच जबड्यात वीतभर पिल्लू अलगद बसतं. हे सगळं चालू असताना ती काठावर कुणाला खपवून घेत नाही. मार्च लागला की काठाने हिंडणं बंद ठेवा.

पावसाळ्यात तर विचारच नको. पूर आला की मगरी ओढ्यांतून, शेतांतून, वस्त्यांपर्यंत येतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात घराच्या छपरावर चढून बसलेली मगर सगळ्या देशाने पाहिली. पुरात अडकलेल्या गावात मगर बघायला जाणं हे त्या गावकऱ्यांच्या जखमेवर मीठ चोळणं आहे.

वारही बघून घ्या. औदुंबरसारख्या ठिकाणी शनिवार-रविवारी, पौर्णिमेला आणि विशेषतः दत्तजयंतीला घाट माणसांनी फुललेला असतो. एवढ्या गलक्यात मगर जवळपास वर येत नाही. मधला वार धरा.

कुठे जायचं

सोलापूरकरासाठी पहिलं नाव कृष्णेचं. मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज असा रत्नागिरी महामार्गाने सरळ रस्ता. सांगली सुमारे दोनशे किलोमीटर, गाडीने चार तास धरा. रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे मिरज. सांगलीच्या वरच्या अंगाला, भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, आमणापूर, नागठाणे, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज या पट्ट्यात कृष्णेला ठिकठिकाणी डोह आहेत, आणि मगरी आहेत. इथे तिकीट नाही, खिडकी नाही, सफारी नाही. नदी गावांची आहे आणि मगर त्या गावांच्या रोजच्या जगण्यात आहे. मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते, आणि सर्वांत जबाबदारीचीही.

आदल्या दिवशी संध्याकाळी सांगलीत मुक्काम करा. पहाटे सोलापुरातून निघून दहाला पोचणं जमतं, पण थंडीचे दिवस म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून गाडी हाकणं जिवावरचं काम आहे.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मात्र मी कृष्णेऐवजी रंगनथिट्टू सांगेन. सोलापूरहून विजयपूर-हुबळीमार्गे मैसूरला थेट गाडी आहे, आणि श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीतल्या बेटांचं हे अभयारण्य मैसूरपासून अगदी जवळ. वनखात्याच्या होड्या आहेत, नावाडी सरावलेले आहेत, खडकांवर पहुडलेल्या मगरी बसल्या जागेवरून दिसतात, वर झाडांवर करकोचे आणि चमचे पक्षी.

चिपळूणला वाशिष्ठीच्या खाडीत होडीने मगरी दाखवतात. दांडेलीला काळी नदी आहे. गोव्यात मांडवी आणि झुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात खारफुटीच्या चिखलावर मगरी दिसतात, तेही निमखाऱ्या पाण्यात राहायला शिकलेल्या गोड्या पाण्याच्या मगरी. त्याच बाजूला फोंडा तालुक्यात दुर्भाट इथे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते, मानगेथापणी म्हणतात. योग जुळला तर तेही बघा.

निघण्याआधी नजर तयार करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. दुर्बीण हातात आली म्हणजे दिसतंच असं नाही. महिनाभर आधी दोन-चार सकाळी हिप्परगा तलावावर किंवा कंबर तलावावर जा. पाण्यावर तरंगणारी एक वस्तू निवडा, ओंडका, बाटली, काहीही, आणि दुर्बिणीतून पाहत राहा. वाऱ्याने ती कशी सरकते, लाट तिच्यावर कशी फुटते हे डोळ्यात बसवा. मगरीचं डोकं असं वागत नाही. ते वाऱ्याच्या उलट दिशेलाही सरकतं, लाटेत डुलत नाही, आणि एका क्षणी बुडबुडासुद्धा न उठवता नाहीसं होतं. हा फरक ज्याला कळला त्याला नदीवर मगर सापडते.

आठ बाय बेचाळीस किंवा दहा बाय पन्नासची दुर्बीण पुरे. मोबाइलच्या झूमवर विसंबू नका. कपडे मातकट रंगाचे, बूट घट्ट पकडीचे, डोक्याला टोपी. पाणी आणि खाणं घरून न्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसभर टिकते. पण खायचं ते गाडीपाशी, नदीकाठी नाही. काठावर टाकलेलं उष्टं, मटणाची हाडं यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर मगर येते. तुम्ही निघून जाता, त्या काठावर उद्या धुणं घेऊन कुणीतरी बसणार असतं.

गावात पोचल्यावर आधी माणसांना भेटा

काठावर जायच्या आधी चहाच्या टपरीवर थांबा. गाडीची काच खाली करून “इथे मगर कुठे आहे?” असं विचारू नका. उतरा, रामराम करा, सोलापूरहून आलोय म्हणून सांगा. मळीचा, म्हणजे नदीकाठच्या जमिनीचा शेतकरी, मासेमारी करणारे, मोटरी बघणारी माणसं यांना प्रत्येक डोहाची खबर असते. एका म्हाताऱ्या आण्णांनी मला सांगितलेलं अजून कानात आहे: “पावनं, खाली उतरू नगासा. हितनंच बघा, पल्याड त्या पांढऱ्या दरडीखाली उन्हाला पडती ती. ऊन वर आलं की दिसंल.” पुढचं सगळं तसंच झालं. दुर्बीण लावली तेव्हा पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा, शेपटीवरचे उभे दाते, आणि पुढच्या पायाच्या बोटांत अडकलेलं वाळलं शेवाळ इतकं स्वच्छ दिसलं की नजर हलेना.

त्यांचं ऐकताना त्यांची बाजूही ऐका. शेतातल्या मोटरीच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाला, फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला की कुणाला तरी पाण्यात उतरावंच लागतं. जनावरं धुवायची असतात, पोरं पोहायला जातात. या नदीत माणसं जखमी झाली आहेत, दगावलीही आहेत. दुसऱ्या बाजूने वाळूउपशाने काठ पोखरले गेले, वीटभट्ट्या आणि उसाचे फड पाण्याला भिडले, मगरीला अंडी घालायला निवांत दरड उरली नाही. हे सगळं घडत असताना मगरीच्या देखणेपणाचं कौतुक त्यांच्यासमोर जपून करा. “किती गोड” हा शब्द तिथे काढू नये.

काठावर कसं उभं राहायचं, काय बघायचं

उंच दरड निवडा, कडा ढासळणारी नको. पाण्याच्या रेषेपासून किमान पंधरा पावलं आत, आणि पाण्याच्या पातळीपेक्षा बरंच वर. मगर दबा धरून शिकार करते, तिचा सगळा जोर पाण्यातून काठावर झेपावतानाच्या पहिल्या काही फुटांत असतो. पाणी गढूळ असेल तर हातभर खोलीतही ती दिसत नाही. त्यामुळे आपल्या बाजूच्या काठावर मगर शोधत चालायचं नाही. आपल्या बाजूचा काठ फक्त उभं राहण्यापुरता, बघायचं ते पलीकडे.

सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येईल असं उभे राहा, म्हणजे समोरचा काठ उजळलेला असतो आणि पाण्याची चकाकी डोळ्यावर येत नाही. मग दुर्बीण न लावता आधी नुसत्या डोळ्यांनी काठाची रेघ चाळा. उतरती, उघडी, चिखलाची किंवा वाळूची जागा, जवळ खोल पाणी, ऊन थेट पडणारं, अशी जागा शोधा. काठाला दरडीत बीळ असेल तर त्याच्या आसपास बघा, मगरी बिळं खोदतात. चिखलावर पोटाच्या घसरणीचा गुळगुळीत पट्टा, मध्ये शेपटीची रेघ आणि दोन्ही बाजूंना नखांचे ठसे दिसले तर ती उतरायची नेहमीची वाट आहे. तिथे नजर ठेवून बसा. कासवं ऊन खायला वर आली असतील तर चांगलं लक्षण, त्यांना आणि मगरीला बहुधा एकच जागा पसंत पडते. नदीत काहीच दिसत नसेल तर पाण्यावर दोन-तीन उंचवटे शोधा: पुढे नाकपुड्या, मागे डोळे. डोकं पूर्ण दिसलं तर लांबीचा अंदाज बांधता येतो. मगरीची एकूण लांबी डोक्याच्या साधारण सातपट भरते.

आणि थांबा. एक तास एका जागी बसण्याची तयारी नसेल तर प्राणी बघायच्या भानगडीत पडू नये असं माझं ठाम मत आहे. बगळे वर झाडांवर काटक्या नेऊन घरटी करत असतात अशा दिवसांत मगरी तोंडावर काटक्या धरून पाण्यात निपचित पडतात, काटकी उचलायला आलेला बगळा पकडतात. मद्रासच्या त्या केंद्रातल्या आपल्याच मगरींवर हे निरीक्षण झालं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. इतका संथ, इतका विचारी प्राणी पाच मिनिटांत काय दाखवणार?

होडीत बसायचं असेल तर

औदुंबरला पलीकडे भुवनेश्वरीच्या दर्शनाला जायला नाव असते. चिपळूण, गोवा, रंगनथिट्टूला तर होडीतूनच बघायचं. लाइफ जॅकेट नसेल त्या होडीत पाय ठेवू नका, आणि माणसं जास्त झाली असतील तर पुढची फेरी घ्या. ब्रह्मनाळला २०१९ च्या पुरात बोट उलटून जे झालं ते सांगली जिल्हा विसरलेला नाही. हात-पाय काठाबाहेर नको, पाण्यात हात बुडवणं नको, उभं राहून फोटो नको. नावाड्याला “अजून जवळ घ्या” म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. मगर डोकं उचलते, मग अंग पायांवर उचलते, तेव्हा ती तुमच्यामुळे बेचैन झाली असं समजा आणि मागे सरकायला सांगा. थंडीत तिला पाण्यात पळायला लावलं की सकाळभर गोळा केलेली ऊब तुम्ही तिच्याकडून हिरावून घेता.

कायदा आणि फोटो

मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. आमिष दाखवणं, हुसकावत नेणं, घरटं किंवा अंडी हलवणं हे कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच धरलं जातं. कोंबडी दोरीला बांधून “शो” दाखवतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून निघा आणि वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. मगर वस्तीत, विहिरीत किंवा शेततळ्यात दिसली तरी हाच क्रमांक.

फोटो टाकताना घरट्याची किंवा बिळाची नेमकी जागा लिहू नका. नदीचं आणि जिल्ह्याचं नाव पुरे.

काही विपरीत घडलंच तर

जमिनीवर मगर समोर आली तर मागे सरका, पाण्यापासून दूर सरळ पळा. नागमोडी पळावं असं ऐकवतात, त्यात वेळ जातो. ती जमिनीवर थोडं अंतर वेगाने येऊ शकते, पण लवकर दमते. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही उभं राहू नका, कारण घाबरली की तिची पळण्याची दिशा पाण्याकडेच असते. पकडलंच तर गप्प राहून सुटका नाही. डोळ्यांवर आणि नाकावर जमेल तितक्या जोराने मारत राहायचं, आणि बाकीच्यांनी पाण्यात उड्या न घेता काठी, वल्हं, दोर यांनी मदत करायची. जखम लहान असली तरी स्वच्छ फडक्याने दाबून धरा, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाच. मगरीच्या दातांची जखम आतून चिघळते, हळद लावून भागत नाही.

पुढची पायरी

कृष्णेवर एक हिवाळा डोळे भरून बघितलं की भितरकनिकाचा विचार करा. मुंबई-भुवनेश्वर कोणार्क एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, भुवनेश्वरहून पुढे केंद्रपाड्यामार्गे रस्त्याने. मे ते जुलै हे उद्यान मगरींच्या विणीसाठी बंद असतं, जानेवारीतही गणनेसाठी काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा तारखा विचारूनच तिकीट काढा. तिथे उन्हाइतकंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. भरतीला चिखलाचे काठ पाण्याखाली असतात आणि खाडीत काही दिसत नाही. होडी ठरवताना नावाड्याला सकाळची ओहोटी किती वाजता आहे ते विचारा, आणि पाणी उतरायला लागल्यावर निघणारी फेरी घ्या.